ओढीतला फरक

ओल्या वाळूत एक काडी रोवायची आणि तिच्याकडे बघत बसायचं, हा समुद्रावरचा माझा जुना उद्योग. काडी रोवते तेव्हा पाणी चार-पाच पावलं लांब असतं. लाट येते, काडीच्या अलीकडेच तिचा जोर सरतो, ती मागे फिरते. पुढचीही तशीच. मग एखादी जरा लांबवर येते आणि काडीच्या बुडाशी फेसाचं कडं ठेवून जाते. त्यानंतरच्या दहा-बारा लाटा पुन्हा अलीकडेच थांबतात आणि वाटायला लागतं, लागली बहुतेक ओहोटी. पण भरतीची चालच तशी असते, दोन पावलं पुढे आणि दीड पाऊल मागे. अर्ध्या-पाऊण तासात काडीभोवतीची वाळू सैल पडते, काडी कलते, आणि मग केव्हातरी एक लाट तिला सहज उचलून नेते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलं तर काडीपाशी पाणी पोहोचलेलं नसतं. ते सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतं, तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास मिनिटं. आकाशात चंद्रही रोज साधारण तितकाच उशिरा उगवतो. दोन गोष्टींचा उशीर इतका जुळतो म्हटल्यावर त्यांचं काहीतरी नातं असणार, हे माणसाला फार पूर्वीच कळलं होतं. नातं कसलं, हे कळायला मात्र १६८७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ आला. त्याच्या आधी केप्लरने चंद्राचं नाव घेतलं होतं, पण गॅलिलिओसारख्या माणसालाही ते पटलं नाही. पृथ्वीच्या स्वतःच्या हालचालींमुळे पाणी हिंदकळतं, असं तो अखेरपर्यंत मानत राहिला.

शाळेत असताना बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती मला अजून आठवते. मधे गोल पृथ्वी, तिच्याभोवती लांबोडक्या अंड्यासारखं पाणी, आणि उजवीकडे चंद्र. चंद्र पाण्याला ओढतो म्हणून त्याच्या बाजूचं पाणी फुगतं, बाई म्हणाल्या. मला ते लगेच पटलं. पण आकृतीत डावीकडेही फुगवटा होता, चंद्राच्या अगदी विरुद्ध बाजूला. मी हात वर केला. "बाई, तिकडचं पाणी कुणी ओढलं?" बाईंनी आकृतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिकडेही भरती येते. चला, लिहून घ्या." मी लिहून घेतलं. पण प्रश्न काही सुटला नाही. चंद्र डोक्यावरून दिवसातून एकदा जातो, मग भरती दोनदा का?

उत्तर पुष्कळ वर्षांनी सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. चंद्र पाण्याला ओढतो हे खरं आहे, पण तो पाण्याखालच्या सगळ्या पृथ्वीलाही ओढतो. सगळ्यांना सारखंच ओढलं असतं तर सगळेच सारखे सरकले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. पण ओढ अंतरावर अवलंबून असते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. म्हणजे पृथ्वीची चंद्राकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा जवळजवळ तेरा हजार किलोमीटरांनी जवळ. तेवढ्याने दोन टोकांच्या ओढीत साधारण सात टक्क्यांचा फरक पडतो.

एका ओळीत तिघं चालले आहेत असं समजा. पुढचा भरभर चालतोय, मधला मध्यम, मागचा रेंगाळत. मधल्याने पुढे पाहिलं तर पुढचा लांब चाललेला दिसतो. मागे वळून पाहिलं तर मागचाही लांब पडलेला दिसतो. मागच्याला कुणी उलट दिशेला खेचलेलं नसतं, तोही पुढेच चाललेला असतो, फक्त कमी वेगाने. पृथ्वीचं केंद्र म्हणजे तो मधला माणूस. चंद्राकडचं पाणी केंद्राच्या पुढे गेलेलं आणि पलीकडचं पाणी केंद्राच्या मागे राहिलेलं. म्हणून फुगवटे दोन. बाईंची आकृती बरोबर होती, त्यांचं वाक्य तेवढं अर्धं राहिलं होतं. भरती येते ती ओढीतल्या फरकाने.

सूर्याचं कोडंही यातूनच सुटतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी समुद्रावर त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या दृष्टीने पृथ्वीची ही बाजू काय आणि ती बाजू काय, जवळजवळ सारखीच. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला ते एकमेकांच्या आडवे पडतात आणि भांगाची भरती येते, दबलेली. खरं उधाण तिथीनंतर एखाद-दोन दिवसांनी दिसतं, कारण एवढ्या पाण्याला हलायला वेळ लागतो. आणि चंद्राची कक्षा लंबगोल असल्यामुळे तो सर्वांत जवळ असताना हा फरक सर्वांत दूर असतानापेक्षा जवळपास चाळीस टक्क्यांनी जास्त भरतो. घन फार कडक हिशेबाचा आहे.

पौर्णिमेला माणसाच्या अंगातल्या पाण्यालाही भरती येते असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण आपल्या डोक्यात आणि पायात अंतर असून असून किती असणार? ज्या फरकासाठी तेरा हजार किलोमीटर लागतात, तो दीड-दोन मीटरांत कुठून येणार?

खरं तर तो फरक समुद्रालाही फारच थोडा मिळतो. चंद्राचा भरती आणणारा जोर पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाच्या एक कोटीव्या हिश्शाएवढा भरतो. साठ किलो वजनाची मी, चंद्र बरोबर डोक्यावर आला की सहा-सात मिलिग्रॅमनी हलकी होते. वाळूचे चार-पाच जाड दाणे. एवढ्याशा जोराने अख्खा समुद्र उचलला जाईल कसा? तो उचलला जात नाहीच. पाणी आडवं सरकतं. वरच्या दिशेला पृथ्वीचं गुरुत्व पाण्याला घट्ट धरून आहे, तिथे या दाण्यांची मात्रा चालत नाही. पण आडव्या दिशेला कुणी अडवणारं नसतं. हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी कणाकणाने एकाच बाजूला सरकत राहतं आणि त्याचा उंचवटा होतो. नुसत्या हिशेबाने तो उंचवटा खुल्या समुद्रात अर्ध्या मीटरच्या आसपास येतो.

मग कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतलं अंतर १६ मीटरपर्यंत कसं जातं? तिथे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळून परत यायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतं, जेवढा दोन भरत्यांमध्ये जातो, म्हणजे साडेबारा तासांच्या आसपास. झोक्याला योग्य वेळी हलकं बोट लावत राहिलं तर तो कुठच्या कुठे जातो, तसंच हे. प्रत्येक समुद्राचा, प्रत्येक आखाताचा आपला एक झोका असतो. म्हणून फळ्यावरची ती अंड्यासारखी आकृती समुद्रात जाऊन शोधली तर सापडत नाही. वाटेत खंड आडवे येतात. शिवाय पाण्याला पळता येत नाही. चार किलोमीटर खोल समुद्रात भरतीची लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते, आणि विषुववृत्तावर चंद्राखालची जागा ताशी सोळाशे किलोमीटरने पुढे जाते. पाणी गाठणार कसं? लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १७७५च्या सुमाराला हे गणित मांडलं, तेव्हापासून भरतीकडे समुद्राच्या कुंडांमधून फिरत राहणाऱ्या लांबलचक लाटा म्हणून बघायला लागले.

या लाटा फिरतात म्हणजे अक्षरशः फिरतात. समुद्रात असे बिंदू आहेत जिथे पाणी चढतही नाही नि उतरतही नाही, आणि भरती त्यांच्याभोवती चक्राच्या आऱ्यासारखी गरगर फिरते. विल्यम ह्यूवेल या इंग्रज अभ्यासकाने किनाऱ्यांवरच्या भरतीच्या वेळा जुळवून पाहिल्या आणि १८३६ मध्ये सांगितलं की उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात असा एक बिंदू असला पाहिजे. १८४० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन विल्यम ह्यूएट जहाज घेऊन तिथे गेला. खुल्या समुद्रात तळापर्यंत दोर सोडून तो दिवसभर खोली मोजत राहिला, आणि ती जवळजवळ बदलली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या वादळात त्याचं जहाज सगळ्यांसकट बुडालं. चहूबाजूंना पाणी चढत-उतरत असताना मधे न हलणाऱ्या पाण्यावर दोर धरून बसलेला तो माणूस, आकडे वहीत उतरवणारा, माझ्या मनातून जात नाही.

भरती नुसत्या पाण्यालाच येते असंही नाही. आपण जिला स्थिर म्हणतो ती जमीनही चंद्राखाली दिवसातून दोनदा तीसेक सेंटिमीटर वर-खाली होते. सगळा परिसर एकदमच हलतो, म्हणून आपल्याला कळत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेतल्या २७ किलोमीटर घेराच्या कण-त्वरकाला, म्हणजे अणूहून लहान कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राला, मात्र ते कळलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या कणांच्या ऊर्जेत बारीक चढउतार दिसायला लागले, आणि कारण निघालं चंद्र. खडकाच्या ताणाने त्या २७ किलोमीटरांत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडत होता.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिकडे येते.

एवढं पाणी दिवसातून दोनदा इकडून तिकडे जातं, ते फुकट जात नाही. उथळ समुद्रांच्या तळाशी घासतं, खोल समुद्रातल्या डोंगररांगांवर आपटतं. या घासण्यात समुद्र आणि जमीन मिळून एकूण सुमारे ३.७ टेरावॉट, म्हणजे ३.७ लाख कोटी वॉट, शक्ती सतत खर्च होत असते. ही शक्ती येते पृथ्वीच्या परिवलनातून. १७५४ मध्ये तिशीतल्या कांटने, तोच तत्त्वज्ञ कांट, एका निबंधात लिहिलं होतं की भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मंदावत असलं पाहिजे. ते मोजून दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

समुद्रातली सगळी गुंतागुंत गोळा करून सरासरी काढली तर हाती येते ती फळ्यावरचीच आकृती, फक्त किंचित तिरकी. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती फिरते आणि चंद्राला तिच्याभोवती फिरायला सत्तावीस दिवसांहून अधिक लागतात. त्यामुळे पृथ्वी आपले फुगवटे चंद्राच्या थोडे पुढे ओढून नेते. पुढे गेलेल्या फुगवट्याला चंद्र मागे खेचतो, त्याने पृथ्वी मंदावते. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, त्याने चंद्राची कक्षा मोठी होत जाते. पृथ्वी जेवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, गमावते, तेवढा चंद्राला मिळतो. यातलं काहीही हरवत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

किती मंदावते? नुसत्या भरतीचा हिशेब धरला तर शंभर वर्षांत दिवस २.३ मिलिसेकंदांच्या आसपास लांबतो. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली जमीन अजूनही वर येते आहे आणि पृथ्वीचा आकार थोडा बदलतो आहे, म्हणून प्रत्यक्षात १.७-१.८ मिलिसेकंदच दिसतात. ऐकायला काहीच नाही. पण ते साठत जातं. रोज किंचित मागे पडणारं घड्याळ, आणि मागे पडण्याचं प्रमाणही किंचित वाढत जाणारं, दोन हजार वर्षं चालू ठेवलं तर?

हे घड्याळ खरोखरच कुणीतरी तपासून ठेवलं आहे. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिलला, बॅबिलॉनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं. तिथल्या निरीक्षकांनी ओल्या मातीच्या पाटीवर नोंद केली. अंधारात शुक्र आणि बुध दिसले, आणि एरवी त्या दिवसांत न दिसणारे गुरू आणि मंगळही दिसले, असं त्यात आहे. आजच्या वेगाने पृथ्वी कायम फिरत आली असं धरून मागे हिशेब केला, तर त्या दिवशीची सावली बॅबिलॉनवरून जातच नाही. ती चार हजार किलोमीटरांहून जास्त पश्चिमेला पडते. पण पाटी खोटं सांगत नाही. पृथ्वीचं घड्याळ तेव्हापासून तीन तासांहून अधिक मागे पडलं आहे. दिवस अंधारलेला पाहून ज्याने त्या मातीत टोकदार बोरूने खुणा केल्या, त्याने पृथ्वीचा वेग मोजून ठेवला, आणि ते त्याला कधीच कळलं नाही.

दुसरं टोक चंद्रावर आहे. १९६९ मध्ये अपोलो ११च्या प्रवाशांनी तिथे एक परावर्तक ठेवला. पुढच्या मोहिमांनी आणखी ठेवले. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडायचा आणि अडीच सेकंदांनी परत येणारे मोजके प्रकाशकण टिपायचे, एवढंच करायचं. त्यातून कळलं की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. मी पन्नाशी ओलांडली आहे. माझ्या आयुष्यात चंद्र पुरुषभर अंतर लांब गेला.

आजचंच घर्षण धरून, आणि चंद्र जवळ असताना भरती जास्त जोराची हेही मोजून, हिशेब मागे मागे नेला तर दीडशे कोटी वर्षांपूर्वी चंद्र पृथ्वीला येऊन चिकटतो, आणि तो तर साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. म्हणजे आजचं घर्षण नेहमीपेक्षा जास्त असलं पाहिजे. खंडांची आजची मांडणी आणि समुद्रांचे आजचे आकार भरतीच्या तालाशी जास्त जुळलेले आहेत, पूर्वी तसे नव्हते. खंड सरकतात, समुद्रांचे झोके बदलतात, आणि त्याबरोबर दिवस लांबण्याचा वेगही बदलतो. मला यातलं हे सर्वांत सुंदर वाटतं. कुठला किनारा कुठे आहे याच्याशी आपला दिवस किती तासांचा असणार ते बांधलेलं आहे.

चंद्राचं स्वतःचं फिरणं याच वाटेने कधीच मंदावून गेलं. पृथ्वी त्याच्या ८१ पट जड, त्यामुळे त्याच्या खडकांना पडणारा ताण आपल्या समुद्राला पडतो त्याहून कितीतरी मोठा. आता तो आपल्याकडे एकच चेहरा ठेवून फिरतो. प्लूटो आणि त्याचा चंद्र शेरॉन तर दोघेही एकमेकांकडे तोंड करून थांबले आहेत. गुरूच्या आयो या चंद्रावर ताण इतका आहे की त्याचं पोट वितळतं. १९७९ मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी हे गणितातून सांगितलं आणि अवघ्या काही दिवसांत व्हॉएजर १ या यानाच्या छायाचित्रात तिथला ज्वालामुखी उडताना दिसला. मंगळाचा चंद्र फोबोस उलटा खेळ खेळतो. तो मंगळाच्या परिवलनापेक्षा जलद फिरतो, म्हणून त्याने मंगळावर उठवलेला फुगवटा त्याच्या मागे राहतो आणि त्याला मागे खेचतो. तो मंगळाकडे उतरत चालला आहे.

आपल्या घड्याळांतही हे सगळं येऊन पोहोचलं. अणुघड्याळाचा सेकंद एकोणिसाव्या शतकातल्या दिवसाच्या लांबीवर बेतलेला आहे, आणि पृथ्वी तेव्हापेक्षा मंद झाली. म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालावा लागला, आतापर्यंत २७ वेळा. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. पोटातल्या गाभ्याच्या हालचालींमुळे पृथ्वी मधेच थोडी वेगही घेते, तशी अलीकडे घेते आहे, म्हणून त्यानंतर गरज पडली नाही. २०२२ मध्ये ठरलं की ही पद्धत २०३५ पर्यंत बंद करायची. संगणकांना तो सेकंद पचत नाही. कारण मला समजतं, तरी वाईट वाटतं. समुद्राच्या घासण्याचा एवढाच एक हिशेब आपण सगळ्यांनी मिळून ठेवत होतो.

माझी एक मैत्रीण भूगर्भशास्त्र शिकवते. तिच्या टेबलावर शिंगाच्या आकाराचा एक जीवाश्म असतो, बोटाएवढा, राखाडी. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचं प्रवाळ. हे प्राणी आपल्या कवचावर रोज चुन्याची एक अगदी बारीक रेघ चढवतात, आणि वर्षभराची वाढ वेगळी ओळखता येते. जॉन वेल्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने अशा प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या आणि १९६३ मध्ये सांगितलं की तेव्हाच्या वर्षात सुमारे ४०० दिवस होते. वर्ष तेवढंच, दिवस जास्त. म्हणजे एक दिवस बावीस तासांना थोडा कमी. पुढच्याच वर्षी आणखी एकाला त्या रेघांचे गट सापडले, सरासरी साडेतीस रेघांचे, वर्षाला तेरा. चांद्रमासाचे गट.

मी तिच्याकडे गेले की तो जीवाश्म हातात घेते. मागच्या वेळी तिने भिंग पुढे सरकवलं आणि खिडकीशी जाऊन उजेड तिरपा पडेल असं धरायला सांगितलं. आधी काहीच दिसेना. मग प्रवाळ थोडं फिरवलं आणि पृष्ठभागावर एकाखाली एक रेघा उठल्या, केसाहून बारीक, एकमेकींना खेटून.

"मोजून बघ," ती म्हणाली. "आवळलेला भाग दिसतोय ना, तिथून सुरुवात कर."

मी सुईचं टोक धरून मोजायला लागले. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरलं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसाव्या रेघेशी कवच पुन्हा आवळायला लागलं, आणि एकतिसाव्यापासून दुसरा महिना सुरू झाला.